वरच्या अंगाचे पाणी

हिवाळ्यात भिगवणला टिपलेला रोहित पक्ष्यांचा फोटो पाहिला नाही असा मराठी वाचक विरळा. मागे धुके, पाण्यात उलटे पडलेले लांबलचक पाय, एकदम उघडलेले पंख आणि पंखांच्या आतला तो लाल-काळा रंग. पक्षी कुठून आले हे फोटोखालच्या ओळीत बहुधा लिहिलेले असते. पाणी कुठून आले हे नसते.

ते बरेचसे पुण्याहून आलेले असते. खडकवासल्याच्या खाली मुठा शहरात शिरते. पवना पिंपरी-चिंचवड ओलांडून दापोडीला मुळेत मिसळते. संगमावर मुळा आणि मुठा एक होतात आणि रांजणगाव सांडसला भीमेला मिळतात. देहू-आळंदीची इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेत उतरलेली असते. दौंडच्या पुढे वाहते पाणी मंदावते आणि उजनीचा फुगवटा सुरू होतो. १९८० साली पुरे झालेल्या या धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात आहे, पण सुमारे ११७ टीएमसी साठवणीचा हा पसारा मागे पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत रेललेला आहे. दोन महानगरे, त्यांना चिकटलेली गावे, औद्योगिक वसाहती आणि दोन्ही काठांची उसाची शेती यांतून जे जे पाण्यात सुटते ते वाटेत थोडेफार विरते, निवळते, आणि उरलेले इथे येऊन थांबते. थांबलेल्या पाण्यावर ऊन पडते आणि पाणी हिरवे होते.

या पुस्तकातल्या फोटोंचा क्रम त्यामुळेच नदीच्या ओघाचा आहे. फोटो चांगला की बरा, पक्ष्याचा की माणसाचा, रंगीत की कृष्णधवल, असा कोणताही हिशेब क्रम लावताना धरलेला नाही. पाण्याचा सुटा फोटो काहीही सिद्ध करत नाही, असे माझे मत आहे, आणि ही सगळी प्रस्तावना त्या एका मताभोवती आहे. फेसाचा, मेलेल्या माशांचा, हिरव्या तवंगाचा फोटो पाहणाऱ्याला हळहळ वाटते. पण हळहळीला पत्ता लागतो. वरच्या अंगाला काय आहे, खालच्या अंगाला कोण ते पाणी वापरते, महिना कोणता, वेळ कोणती, हे कळल्याशिवाय तो फोटो कुठल्याही नदीचा असू शकतो, आणि जो कुठल्याही नदीचा असू शकतो तो कुणालाच अडचणीत आणत नाही. म्हणून वाचकांनी ही पाने मधूनच उघडू नयेत, पहिल्यांदा तरी वरून खाली यावे, अशी विनंती आहे.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. घाण पाणी दिसायला देखणे असते.

आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात तो बर्फासारखा दिसतो. कपडे-भांड्यांच्या साबणांतली आणि कारखान्यांतून येणारी पृष्ठक्रियाशील रसायने पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, बंधाऱ्यावरून पाणी कोसळले की हवा त्यात कोंडली जाते, आणि फेसाचे ढीग पुढे सरकू लागतात. उन्हाच्या विरुद्ध बाजूने कॅमेरा धरला की प्रत्येक बुडबुड्याला सोनेरी कड येते. पालखी प्रस्थानाच्या दिवसांत त्या फेसात उभे राहून स्नान करणारे वारकरी दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात, आणि दरवर्षी तो फोटो आधीच्या वर्षीच्या फोटोपेक्षा थोडा अधिक सुंदर असतो. (तेच वारकरी पुढे पंढरपूरला पोचतात. तेच पाणीही पोचते, उजनीतून सोडले जाते तेव्हा. वाळवंटात त्याला चंद्रभागा म्हणायचे.)

जलपर्णीचेही तसेच. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते, आणि पवना-मुळेचे पात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी काठापासून काठापर्यंत झाकून टाकते. तिला जांभळी, मोरपिसाच्या डोळ्यासारखा ठिपका असलेली फुले येतात. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी त्या फुलांपुढे उभी राहतात, त्यात त्यांची काही चूक नाही. हिरवळ दिसते, फुले दिसतात, पुलावरून वास तेवढा येतो आणि वास फोटोत येत नाही. पानांच्या त्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, हवा पोचत नाही, आणि पाण्यातल्या बहुतेक माशांना तिथे जगता येत नाही. तो भाग कोणत्याही भिंगाला दिसत नाही.

मग छायाचित्रकाराने करायचे काय? मुद्दाम कुरूप फोटो काढायचे? काही जण काढतात. राखाडी आभाळ, पिशव्या, कुजके जनावर. मला तो उपाय पटत नाही. त्यात पाण्यापेक्षा पाण्यावर तरंगणारा कचराच दिसतो, आणि कचरा उचलला की नदी स्वच्छ झाली असा गैरसमज पक्का होतो. आपल्याकडे नदीस्वच्छतेचे बहुतेक कार्यक्रम हातमोजे घालून प्लास्टिक वेचण्याचे असतात, याला हे फोटोही थोडे जबाबदार आहेत. पाण्यात जे विरघळलेले असते ते हातमोज्यांनी निघत नाही.

रंगावरही भिस्त ठेवता येत नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी ते फोटो देशभर फिरवले, आणि कुणी रसायनांचे नाव घेतले, कुणी उल्केचे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कारण निघाले ते मिठात रमणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला, आणि या जिवांनी आपले गुलाबी रंगद्रव्य तयार केले. पावसाने पाणी वाढल्यावर रंग उतरला. म्हणजे जे भयंकर दिसले ते त्या सरोवराच्या स्वभावातले होते. उलट उजनीचे उन्हाळ्यातले हिरवे पाणी आकाशातून पाहिले तर नुकत्याच तरारलेल्या भाताच्या खाचरासारखे शांत दिसते. ते निळे-हिरवे शैवाल आहे, आणि त्याच्या काही जाती यकृताला बाधणारे विष पाण्यात सोडतात. सोलापूर शहर या धरणाचे पाणी पिते.

रंगाची आणखी एक गंमत कॅमेऱ्याच्या पोटातच आहे. पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा स्वतःच्या बुद्धीने रंगांचा तोल साधतो; त्याला आपण ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतो. समोर सगळीकडे हिरवट पाणी असेल तर तो त्यातला हिरवेपणा ‘चूक’ समजून कमी करतो. अलीकडचे फोन त्याच्याही पुढे गेले आहेत. त्यांना पाणी निळे असते हे ठाऊक आहे, म्हणून ते निळे करून देतात. त्यात पोलरायझर लावला, की पाण्यावरची चमक जाऊन तळ दिसू लागतो, किंवा फिल्टर थोडा फिरवला की तोच तळ आभाळाच्या प्रतिबिंबाखाली लपतो. पृष्ठभागाला टेकलेल्या लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन साधला तर ही किमया सर्वांत जास्त चालते. एकाच ठिकाणी, एकाच मिनिटात, एकाच माणसाने काढलेल्या दोन फोटोंत एक डबके आणि एक झरा दिसू शकतो, आणि दोघांपैकी एकही फोटो खोटा नसतो.

यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते मोजले. तलावांसाठी आज वापरतात ती तबकडी वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची असते. ती कुणालाही घरी बनवता येते. या पुस्तकात काही फोटोंच्या कोपऱ्यात तशी तबकडी दिसेल. पाहणाऱ्याला ती खटकेल, चित्राची शोभा घालवते असेही वाटेल. पण पांढरा रंग किती पांढरा आहे आणि हातभर खोलीवर तो उरतो का, एवढे तरी त्यातून कळते, आणि दोन महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून काही बोलता येते.

वेळेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण छायाचित्रकाराला याची जाण सहसा नसते आणि प्रयोगशाळेलाही कधी कधी नसते. शैवाल दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडते. रात्री ते स्वतःच श्वास घेते, आणि त्याच्या जोडीला तळाच्या गाळातले जिवाणूही. शैवाल जितके दाट, तितकी रात्र पाण्याला जड जाते. लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन उतरला की बहुतेक माशांची तगमग सुरू होते, आणि तो सर्वांत खाली उतरतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. त्या वेळी मासे वर येऊन पृष्ठभागावर तोंडे उघडझाप करतात. नावाड्यांना हे दृश्य चांगले माहीत असते. ऊन चढले की मासे पुन्हा खाली जातात आणि दुपारी काहीच घडलेले नसते. दुपारी बारा-एकला बाटली भरून नेली तर त्याच पाण्यात ऑक्सिजन भरपूर, प्रसंगी गरजेपेक्षा जास्त, आढळतो. कागदावर पाणी उत्तम!

आता निसर्गछायाचित्रकार नेमका पहाटे तिथे हजर असतो, सोनेरी उजेडासाठी. त्याची नजर पक्ष्यांवर असते. नावेच्या काठाशी चाललेली ही तोंडांची हालचाल त्याच्या शंभर फुटांच्या आत असते, आणि भिंग लांबचे लावलेले असल्यामुळे ती त्याला टिपताही येत नाही. या संग्रहातले माशांचे फोटो पाहाल तेव्हा त्यांच्याखालची वेळ जरूर वाचा. तेच पाणी दुपारी कसे दिसते, हे समोरच्या पानावर आहे.

पहिल्या पावसाचीही अशीच वेळ असते. आपल्याकडे पहिला पाऊस म्हणजे चढणीचे मासे, ओढ्याला लागलेली माणसे, पिशव्या, बुट्ट्या, आरडाओरडा. शहराखालच्या नदीत मात्र तोच पहिला लोंढा सहा-सात महिन्यांचा साचलेला गाळ एकदम उठवतो, तो गाळ पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांची रांग लागते. वर्तमानपत्रांत ‘अज्ञात कारणाने मासे मृत’ अशी बातमी येते. कारण इतकेही अज्ञात नसते. फक्त ते एका कारखान्याच्या एका नळाचे नसून अख्ख्या शहराच्या मोऱ्यांचे असते, म्हणून त्याला नाव देणे अवघड जाते.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, मुंढवा-केशवनगरच्या बाजूला, आभाळात उठलेल्या डासांच्या वावटळीचा व्हिडिओ खूप फिरला. असे खांब चावणाऱ्या डासांपेक्षा बहुधा कायरोनोमिड नावाच्या, न चावणाऱ्या चिलटांचे असतात. नर माद्यांसाठी थवे करून फिरतात. त्यांच्या अळ्या लाल असतात. आपल्या रक्तात असते तसले हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असते, म्हणून जिथे ऑक्सिजन जेमतेम आहे अशा गाळातही त्या तग धरतात. लोक घाबरले, औषधफवारणीची मागणी झाली. मला त्या व्हिडिओत दिसले ते वेगळेच: नदीच्या तळाचा अहवाल, हवेत उभा राहिलेला. गाळात इतर जीव जगत नाहीत आणि या अळ्या भरमसाट जगतात, हे इतक्या स्पष्टपणे कोणत्याच तक्त्याने सांगितले नसते. इथे व्हिडिओने सुट्या चित्राची मर्यादा ओलांडली, असे मी म्हणेन, पण ते वाचता येणारा माणूस शेजारी हवा.

पक्ष्यांचे पुन्हा बोलू, कारण पुस्तक हाती घेणारे अनेक जण त्यांच्यासाठीच घेतील. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एक लाखाच्या वर रोहित उतरल्याची नोंद आहे. २०१५ साली ती अभयारण्य झाली आणि २०२२ साली तिचे नाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. तिथे छोट्या रोहितांची संख्या मोठी असते. ते चोचीच्या चाळणीने सूक्ष्म शैवाल गाळून खातात, आणि खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर ते शैवाल पोसले जाते, असे अभ्यासकांनी सुचवले आहे. पक्ष्याच्या गुलाबी रंगाचे मूळही त्या खाद्यातल्या कॅरोटिनॉइडमध्ये असते. तेव्हा ‘एवढे पक्षी येतात म्हणजे पाणी चांगलेच असणार’ हा तर्क सोडून द्यावा लागतो. त्याच्या उलट, पक्षी घाणीवरच जगतात म्हणून घाण चालू द्यावी, हाही तर्क काही सभांमध्ये ऐकायला मिळतो. तो त्याहून वाईट आहे. पोषकद्रव्ये येतात त्याच नाल्यातून जड धातूही येतात आणि ते चाळणीत अडकत नाहीत.

भिगवणच्या काठावरचे, कुंभारगाव-डिकसळचे नावाडी मुळात मासेमार. धरणात मासे आहेत, पण कोणते आहेत ते विचारा. चिलापी जाळ्यात भरभरून येतो आणि नदीचे जुने मासे क्वचित. हिवाळ्यात हीच माणसे फोटोवाल्यांना घेऊन पाण्यात जातात. “दादा, जरा उडवा की, एक तरी फ्लाइंग शॉट पाहिजे,” ही मागणी त्यांना रोज ऐकावी लागते. काही जण नाव वेगाने पुढे घालतात, काही जण नाही म्हणतात आणि त्या दिवसाची बक्षिसी घालवतात. चिखलात चरणारा पक्षी उडवला की त्याचे खाणे तुटते, परतीच्या लांबच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद खर्च होते. ड्रोनने तर नावाड्याचीही गरज संपवली. या पुस्तकात थवा उठल्याचे फोटो अगदी थोडे आहेत आणि जे आहेत ते शिकारी पक्ष्याने उठवलेल्या थव्याचे आहेत. मीनघारीने, किंवा दलदल ससाण्याने. छायाचित्रकाराने ही अट स्वतःवर घालून घेतली, याचा मला फोटोंइतकाच आदर वाटतो.

पाण्याच्या प्रदूषणाचा जगातला सर्वांत प्रसिद्ध फोटो पाण्याचा नाही. जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो कंपनी पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडत होती. मासे खाणाऱ्या मांजरांना झटके आले, मग माणसांना. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि तरी सांडपाण्यातून पारा सोडणे १९६८ पर्यंत चालू राहिले. कुवाबारा शिसेई हा जपानी छायाचित्रकार १९६० पासून तिथे काम करत होता. १९७१ साली युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ तिथे राहायला गेले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीच्या माणसांच्या मारहाणीत युजीन स्मिथ गंभीर जखमी झाला. त्याने काढलेला, आईने आपल्या आजारी मुलीला न्हाणीत हातांवर धरलेला फोटो १९७२ च्या जूनमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आला आणि जगभर गेला.

त्याची पुढची हकीकत कमी सांगितली जाते. मुलगी १९७७ साली वारली. फोटो मात्र पुस्तकांत, भित्तिपत्रकांवर, प्रदर्शनांत छापला जातच राहिला. आई-वडिलांना तिला आता विसावा मिळावा असे वाटू लागले, आणि १९९८ साली आयलीन स्मिथने त्या फोटोबाबत निर्णय घेण्याचा हक्क त्यांच्या हाती दिला. पुढे तो फोटो अनेक वर्षे छापायला दिला गेला नाही. मी इथे मुलीचे नावही लिहीत नाही. फोटोचा जगाला उपयोग झाला, हे खरे. त्या उपयोगाची मुदत संपली असे ठरवण्याचा अधिकार घरच्यांचा होता, हेही खरे. या संग्रहात नाल्यात उतरलेल्या सफाई कामगारांचे, फेसात कपडे धुणाऱ्या बायकांचे चेहरे जिथे दिसतात तिथे त्यांची परवानगी घेतलेली आहे, आणि जिथे मिळाली नाही तिथे पाठमोरी आकृती आहे. पाठमोऱ्या आकृती तुलनेने बऱ्याच आहेत. त्या कलात्मक हेतूने तशा नाहीत.

आता एक मोठी उणीव. या नद्या बिघडल्या असे आपण म्हणतो तेव्हा कशाच्या तुलनेत? कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली. आज ज्याला शास्त्रात ‘टोर खुद्री’ म्हणतात तो दख्खनचा महासीर त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून वर्णन केला. साल १८३९. कोळ्यांच्या तोंडची नावेच त्याने इंग्रजी लिपीत उतरवून घेतली. खुद्री, कोलस, नुक्ता, पोटेल अशी ती आजही शास्त्रीय नावांत टिकून आहेत. शहरालगतच्या पात्रात तो महासीर टिकलेला नाही. योगायोग असा की त्याच १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. ती इथवर पोचून पुण्यात कॅमेरे सर्रास दिसू लागेपर्यंत बराच काळ गेला, आणि कॅमेरे आल्यावरही ते नदीकडे वळले ते मुख्यतः आपत्तीच्या वेळी. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचे फोटो पुण्यात घरोघर आहेत. त्याच्या आदल्या वर्षीच्या एखाद्या साध्या मंगळवारी मुठेचे पाणी कसे दिसत होते, त्याचा फोटो शोधायला गेलो तर हाती फार थोडे लागते.

पण अगदीच काही नाही असे नाही. घरातल्या जुन्या अल्बमांत काठावर पोहायला जमलेली मुले असतात, गणपती विसर्जनाची गर्दी असते, संगमावर दहाव्याला बसलेली मंडळी असतात, ओंकारेश्वराजवळ धुणे वाळत घातलेले असते. फोटो काढणाऱ्याने माणसे नीट दिसावीत एवढेच पाहिले होते. त्यांच्या मागे पाणी आले ते आपोआप. त्यात तळाचे दगड दिसतात का, काठाला लव्हाळे आहे की सिमेंट, मुले कमरेएवढ्या पाण्यात आपले पाय पाहू शकतात का, हे भिंगाखाली धरून वाचता येते. पुस्तकाच्या शेवटी असे काही कौटुंबिक फोटो घरच्यांच्या संमतीने घेतले आहेत आणि त्याच जागेवरून, जमेल तितक्या त्याच कोनातून आज काढलेला फोटो प्रत्येकाच्या शेजारी ठेवला आहे. वाचकांकडेही असे फोटो असतील. पाठीवर शाईने साल आणि घाटाचे नाव लिहिलेला, कोपरे दुमडलेला, थोडा हललेला फोटोही चालेल. या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी तो इथल्या कोणत्याही रोहिताच्या फोटोपेक्षा जास्त कामाचा आहे.